नळीच्या आधीचे नऊ सेकंद

दि. ११ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे आणि घरात कोणाला काही झालेलं नाही. आठवडाभर कमी बोल असं तुला मीच बजावलंय, आणि फोन केला तर तू तलावाच्या या काठावरून त्या काठाला बोलल्यासारखा बोलणार. म्हणून पत्र. तू होस्टेलवर असताना आपण लिहायचो तसं. तेव्हा माझं अक्षर लाल पेनाने सुधारून तू पत्र परत पाठवायचास. या वेळी तसं केलंस तर टाके काढायला दुसरीकडे जा.

पोट कसं आहे? पित्ताशय गेलं म्हणून राग कमी झालाय का, असं वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "राग दुसऱ्या कुठल्या पिशवीत असणार." खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धर. महिनाभर पाण्यात उतरायचं नाही. काठावर उभं राहून "कोपर वर, कोपर वर" असं केकाटायचंही नाही. पोरं महिनाभर वेड्यावाकड्या कोपरांनी पोहली तरी बुडणार नाहीत.

झोपल्यावर माझं काय केलंस, असं तू दोनदा विचारलंस. ऐक. तू उडी मारायच्या फळीवर आपटलास तेव्हापासून तुझा जबडा दोन बोटांच्या वर उघडत नाही. त्यात मान अशी, की दोन माणसांना पुरावी. भूल दिली की माणूस स्वतःचा श्वास घेत नाही, म्हणून श्वासनळीत नळी घालून आम्ही तो चालवतो. जीभ उचलून धरणाऱ्या जुन्या पात्याने तुझ्या घशात डोकावायचं म्हणजे माझी कंबर आणि तुझे पुढचे दात, दोन्ही पणाला लागले असते. म्हणून नवं यंत्र काढलं, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप. नाव केवढं, वस्तू एवढीशी. वाकडं पातं, टोकाला कॅमेरा आणि शेजारी पडदा. पूर्वी घसा फक्त भूल देणाऱ्याला दिसायचा. आम्ही वाकून, एक डोळा मिटून आत बघायचो आणि बाकीचे आमच्या तोंडाकडे बघायचे. आता खोलीतल्या सगळ्यांना दिसतो. दोन वर्षं मोठ्या साहेबांचं डोकं खाल्लं तेव्हा ते यंत्र आलं.

तुझी नळी पहिल्याच खेपेला गेली. मी श्वास रोखून धरला होता, तू तलावात शिकवलास तसा. मला श्वास घ्यावासा वाटला म्हणजे समोरच्यालाही हवा हवी असणार, हे आमचं जुनं घड्याळ. माझं घड्याळ इतरांपेक्षा जरा लांब चालतं, त्याचं श्रेय तुला.

घरच्या माणसाला आपण स्वतः भूल द्यायची नाही, हे आमच्यात कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. तू ऐकलं नाहीस. "घरची असताना परक्याच्या हातात मान का देऊ?" म्हणालास. मीही हट्ट धरायला हवा होता. असो, झालं ते झालं.

जागा होताना पहिलं काय बोललास, आठवतंय का? डोळे अर्धे उघडलेस आणि म्हणालास, "बेडके, आलीस का वर?" आमची सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली. इतक्या वर्षांची नोकरी, आणि आता सगळा मजला मला पाठीमागे बेडकी म्हणतो. त्या वेळी तुला एक सांगायचं होतं, ते हसण्यात राहून गेलं. फार काही नाही.

हो, पुढच्या महिन्यात घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे. नळी घातलेल्या माणसाने दाखवलेलं बरं असतं. आपलं सहज.

वहिनीला सांग, तिने दिलेला डबा माझ्याकडे राहिलाय. तो मी परत करणार नाही.

तुझी,
बेडकी


दि. २० मार्च

ती. दादास,

नमस्कार. फोन उचलत नाहीस म्हणून पुन्हा पत्र. या वेळी कमी बोल असं मी सांगितलेलं नाही. तूच बोलणं सोडलंयस, आणि तेही फक्त माझ्याशी.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हिने घशात नळी घातली आणि माझा आवाज पळवला." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. मग तू आईसाठी दोन शब्द बोलायला उभा राहिलास आणि तिसऱ्या वाक्याला आवाज दाराखाली अडकलेल्या कागदासारखा फरफटला. तेव्हा कोणी हसलं नाही. आईने आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दादा, ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे.

रागावले नाही. खरंच नाही. नळीने कधी कधी ओरखडा येतो, सूज येते. ती उतरायला दोन महिने लागतात, कधी तीन. माझ्या हातून थोडंफार लागलं असेल. माफी मागते. तशी नळी व्यवस्थित गेली होती, पडद्यावर सगळं स्वच्छ दिसलं होतं. म्हणजे मला असं म्हणायचंय, की नळी नीट गेली होती.

तुझ्या गावातल्या घशाच्या डॉक्टर बाईंकडे तुझं नाव मी नोंदवलं होतं. तू गेला नाहीस. वहिनीला म्हणालास म्हणे, "एका डॉक्टरणीने अर्धा आवाज घेतला, उरलेला दुसरीला नेऊन देऊ?" वाक्य चांगलं आहे. ऐकून मलाही हसू आलं.

वहिनी म्हणते, "अगं, हे ऐकतच नाहीत. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात आणि आरशासमोर आ करून बघतात." आरशात दिसत नाही, दादा. जीभ मागे जिथे संपते तिथून खूप खाली असतं ते.

इकडचं काय सांगू. काम चालू आहे. गेल्या आठवड्यात एक बाई आली होती, शिवणकाम करणारी, मान अगदी आखडलेली. नवं यंत्र लावलं. पडद्यावर स्वरतंतू असे दिसले, की पुस्तकातलं चित्र वाटावं. आणि नळी काही जाईना. वाकड्या पात्याने कोपऱ्यापलीकडचं दिसतं, पण नळीला तो कोपरा वळावा लागतो. ती प्रत्येक वेळी बाजूला आपटत होती. शेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टर कुजबुजला, "मॅडम, दिसतंय की!" त्याला काय सांगणार. पातं काढलं, तोंडावर मास्क धरून तिला हवा दिली, नळीत वळवलेली तार घातली आणि दुसऱ्या खेपेला जमलं. पण त्या अर्ध्या मिनिटात मी ऑक्सिजनचा आकडा तीनदा विचारला, समोर दिसत असून. इतक्या वर्षांत असं होत नव्हतं. हल्ली होतं.

माझ्यावर राग ठेव, हवा तेवढा ठेव. पण त्या बाईंकडे जा. मी चुकले हे सिद्ध करायला तरी जा. त्यांच्याकडून लिहून आण, की बहिणीने घसा खरवडला. मी ते फ्रेम करून भिंतीवर लावीन.

जाशील ना?

तुझी,
बेडकी


दि. ६ मे

दादा,

हे पत्र दुपारी, दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात, कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहिते आहे. दाराला आतून कडी लावली आहे. आधीची दोन्ही पत्रं जवळ असतील तर बाजूला ठेव. त्यांत काही खोटं आहे, आणि जे खरं होतं ते नाही.

मी गेल्या रविवारी तुझ्या गावी आले होते. तुला माहीत नाही, वहिनीलाही नाही. सकाळच्या गाडीने आले आणि थेट तलावावर गेले. तुझ्याशी समोरासमोर बोलायचं, असं पूर्ण ठरवून आले होते. जाळीबाहेर, जिथे पोरांचे पालक चपला काढून उभे राहतात, तिथे उभी राहिले. तू काठावर होतास. एक मुलगी उलट्या पोहण्यात वाकडी जायला लागली. तू तोंड उघडलंस. मी वाट बघत होते, आता "सरळ, सरळ!" ऐकू येईल. आवाज आला नाही. तू गळ्याला हात लावलास आणि खिशातून शिट्टी काढली.

दादा, तू आणि शिट्टी! पोरं काय कुत्री आहेत का शिट्ट्या मारायला, असं म्हणून तू दोन सहायकांना कामावरून काढलंयस. त्या मुलीने शिट्टी ऐकून वर बघितलं, पण शिट्टी कशासाठी वाजली ते तिला कळलं नाही. ती तशीच वाकडी जाऊन दोरीला आपटली. मी जाळीला धरून उभी होते. तुला हाक न मारताच मागे वळले. पुढच्या गाडीने परत आले. घरून निघाले तेव्हा शूर होते, पोचले तेव्हा संपले.

आता सांगते.

पाच जानेवारीला तू झोपलास, तुझं तोंड उघडलं, पातं आत सरकवलं आणि पडद्यावर तुझा घसा आला. तुझा डावा स्वरतंतू, त्याच्या पुढच्या भागावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट उंचवटा. आमचा टेक्निशियन माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "मॅडम, ते काय आहे?" मी म्हटलं, "कफ असेल." कफ ओढून घेणारी सक्शनची नळी लावली. कफ असता तर गेला असता. गेला नाही. टेक्निशियन माझ्याकडे बघत होता आणि मी पडद्याकडे. मग मी श्वासाची नळी घातली, ती त्या दाण्याला जपून, अगदी उजवीकडून. सर्जन हातमोजे घालून पलीकडे पोटावर कापड पसरत होता. म्हणाला, "झालं का मॅडम?" मी म्हटलं, "झालं."

म्हणजे तुझा आवाज नळीने गेलेला नाही. नळी तिथे पोचायच्या आधीच ते तिथे होतं.

याला पुरावा आहे. यंत्रातल्या कार्डावर सगळं आपोआप साठतं आणि आमचा टेक्निशियन शिकाऊ डॉक्टरांना दाखवण्यासाठी ते जपून ठेवतो. नळी पडद्यावर यायच्या आधीचे नऊ सेकंद त्यात आहेत. नऊ सेकंद तो दाणा स्पष्ट दिसतो. आईच्या वाढदिवसाला तू तसं बोललास, तेव्हा हे चित्र सगळ्यांना दाखवून मी एका मिनिटात सुटले असते. पण नळीने लागलं नाही हे ज्यातून दिसतं, त्यातूनच हेही दिसतं, की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून मी ओरखड्याची माफी मागत बसले. न केलेल्या चुकीची माफी मागणं इतकं सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं.

तू विचारशील, तेव्हाच का बोलली नाहीस. मी हे स्वतःला चार महिने विचारते आहे. मी भुलीच्या कागदावर एक ओळ लिहिली होती, "डाव्या स्वरतंतूवर पांढरा भाग, घशाच्या तज्ज्ञांना दाखवणे." लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मनाला समजावलं. तो कागद फाइलमध्ये गेला आणि फाइल तळघरातल्या दप्तरखान्यात. घरी नेण्याचा कागद सर्जन लिहितो, त्यात पित्ताशयाशिवाय काही नव्हतं. मी त्याला नंतर विचारलं, तर तो गोंधळून म्हणाला, "अहो मॅडम, तुमचाच भाऊ. तुम्ही सांगितलं असेल असंच मी धरलं." मी धरलं होतं, की तो सांगेल. दुसऱ्या कोणाचा भाऊ असता ना दादा, तर मी त्याच संध्याकाळी त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले असते, त्याच्या बायकोला बोलावलं असतं, चित्र काढून दाखवलं असतं. परक्यांना मी फार छान सांगते. त्यासाठी माझं कौतुक होतं.

आणि तू डोळे उघडून म्हणालास, "बेडके, आलीस का वर?" तेवढ्यावर मी पाघळले. वाटलं, आज नको. उद्या सांगू. उद्या तू घरी गेलास. मग वाटलं, टाके निघू देत. मग पत्रात "आपलं सहज" असं लिहिलं. ते दोन शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले, आणि तू म्हणाला असशील, डॉक्टरीण झाली तरी अक्षर काही सुधारलं नाही.

आणखी एक आहे. पूर्वीसारखं जुनं पातं असतं आणि ते एकट्या मला दिसलं असतं, तर बहुतेक मी अजूनही बोलले नसते. स्वतःला पटवलं असतं, की वाकून बघताना नीट दिसलं नसेल. टेक्निशियनने ते पाहिलंय. चार महिने तो रोज माझ्या शेजारी उभा राहतो आणि रोज काहीच विचारत नाही. परवा त्याने कार्ड माझ्या हातात ठेवलं, फक्त तुझ्या ऑपरेशनच्या दिवसाचं, आणि म्हणाला, "मॅडम, दादांना द्या." त्याने ओरडायला हवं होतं.

ते काय आहे, मला माहीत नाही. साधी गाठ असू शकते. जन्मभर ओरडणाऱ्या माणसांना तशा गाठी होतात. कॅन्सर असू शकतो. लिहिला तो शब्द. तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही, मी तर नाहीच. या जागेचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो, बहुतेकांचा आवाजही वाचतो. पाच जानेवारीला ते "लवकर" होतं. आज काय आहे, ते मला ठाऊक नाही, आणि या एका वाक्यापुढे मला काही म्हणजे काही करता येत नाही. इतक्या माणसांचा श्वास मी हातात धरलाय दादा, आणि तुझ्या बाबतीत माझे हात रिकामे आहेत.

आता काय करायचं ते सांगते. या वेळी ऐक.

कार्ड पत्रासोबत आहे. गुरुवारी सकाळी दहा वाजता, तुझ्या तलावापासून दोन चौकांवर असलेल्या त्याच बाईंकडे, तुझी वेळ घेतली आहे. या वेळी त्यांना मी सगळं खरं सांगितलंय. त्या नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतील, त्याला भूल लागत नाही. तुकडा काढायचा ठरला तर मात्र भूल लागेल, पुन्हा नळी लागेल. ती भूल मी देणार नाही. माझ्याहून चांगला हात मी शोधून ठेवलाय आणि तुझ्या जबड्याचंही त्यांना सांगितलंय. मी बाहेर बाकावर बसेन. वहिनीने बसू दिलं तर.

रुग्णालयाला मी काल लेखी कळवलंय. काय पाहिलं, कधी पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही, तारखांसकट. तुला तक्रार करायची असेल तर ते पत्र तुझ्या कामी येईल. चौकशी होईल. होऊ दे. त्याची मला भीती वाटत नाही, असं लिहिणार होते, पण खोट्याची ही तिसरी खेप होईल. वाटते.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही. पहिला हक्क तुझा होता आणि तो मी चार महिने दाबून ठेवला. पण बुधवारी संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही, तर मी तिला फोन करून सगळं सांगणार आणि रात्रीच्या गाडीत बसणार. याला धमकी म्हण.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. त्यासाठी हे पत्र नाही. माझ्याशी पुन्हा कधीही बोलू नकोस, पण तुझा आवाज असताना बोलू नकोस. आवाज गेला म्हणून नको.

तुला आठवतं का, मी सात वर्षांची असताना तलावाच्या तळाशी बसून राहायचे, तुला दाखवायला, की माझा दम किती. पाण्याखाली तुझी हाक पोचायची नाही. मग तू लोखंडी शिडीवर किल्लीने तीन वेळा ठोकायचास. टण टण टण. म्हणजे पुरे झालं, वर ये. एकदा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि तू कपड्यांसकट उडी मारलीस, मला केसांना धरून वर काढलंस आणि थोबाडीत दिलीस. मग दोघंही काठावर बसून रडलो. घरी कोणाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि तू आजपर्यंत सांगितलं नाहीस.

तेवढंच मागते. बोलू नकोस, घसा ताणू नकोस, हे पत्र लाल पेनाने सुधारून पाठवायचीही गरज नाही. गुरुवारी जाणार असलास तर माझ्या फोनवर तीन रिंगा दे आणि ठेव. मी उचलणार नाही. पण मला कळेल.

बाहेर कोणीतरी दार वाजवतंय. पुढचा पेशंट टेबलावर आलाय, दहा-बारा वर्षांची मुलगी आहे, तिच्या घशात बघायचंय. बघेन. जे दिसेल ते सांगेन.

दादा, माझा दम संपत आलाय.

पाण्याखालून,
तुझी बेडकी